शिबिरातला मुक्काम

शिबिराचं वेळापत्रक लिहायला बसले की मी शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. रात्री दहानंतर कोण कुठे झोपणार, कुणाशेजारी कोण, दिवे कधी मालवायचे, बायकांना रात्री बाहेर जावं लागलं तर सोबतीला कोण उठणार, पहाटे चुलीवर पाणी कोण ठेवणार. एवढं ठरलं की मग सकाळी कुणी बोलायचं ते ठरवते. माझ्याबरोबर काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना याचं नवल वाटतं. त्यांच्या वहीत पहिल्या पानावर वक्त्यांची नावं असतात, मानधन असतं, हार-शालींचा हिशेब असतो. झोपण्याची व्यवस्था शेवटच्या पानावर, 'शाळेशी बोलणे' एवढ्या दोन शब्दांत.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मी शिक्षिकेची नोकरी केली. सुट्ट्यांत शिबिरं घेतली आणि निवृत्तीनंतरही ती घेतेच आहे. मुलांची, बचतगटांतल्या बायकांची, तरुण शिक्षकांची. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. अनोळखी माणसांना एकत्र आणून बोलतं करायची, विचार करायला लावायची जी कला महाराष्ट्रात घडली, ती मुख्यतः मुक्कामात घडली. कोण कुणाबरोबर जेवलं, कुणी कुणाची भांडी घासली, कोण कुणाशेजारी झोपलं, याचा तो इतिहास आहे. व्याख्यानांचा इतिहास आपल्याकडे खूप लिहिला गेला. सतरंज्यांचा कुणी लिहिला नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मुक्कामाची आपली सगळ्यात जुनी शाळा म्हणजे वारी. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, ती समूहाची आखणी करणाऱ्या कुणीही जवळून पाहावी. दिंड्यांचे क्रम ठरलेले, दिंडीत टाळकरी, पखवाजी, विणेकरी यांच्या जागा ठरलेल्या, चालायचं कुठून कुठवर आणि विसावा कुठे हेही ठरलेलं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती संध्याकाळची समाजआरती. पालखी तळावर पोचली की दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो माणसांचा तो तळ एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवणं थांबवत नाही. तिथे जाऊन विचारपूस होते, तक्रार ऐकली जाते. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि आरती होते. दिवसाचा आढावा, तक्रारीला हक्काची जागा आणि उद्याची सूचना, सगळं झोपायच्या आधी. आजही माझ्या शिबिरात रात्रीच्या आढाव्याला हाच क्रम असतो: आधी तक्रारी, मग हरवलं-सापडलं, मग उद्याची वेळ.

वारीत एक गोष्ट मात्र राहून गेली होती. इरावती कर्वे पायी पंढरीला गेल्या आणि 'वाटचाल' हा लेख त्यांनी लिहिला. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे सोबत चालतात, सोबत गातात, पण पंगती मात्र वेगळ्या, हे पाहून त्यांना झालेलं दुःख त्या लेखात आहे. चाल एक, अभंग एक, मुक्काम एक आणि चुली दोन. माझ्या आजीनेही तशाच वाऱ्या केल्या. तिच्या भक्तीबद्दल मला शंका नाही, पण तिची चूल वेगळी होती हेही खरं आहे.

शहरात एकोणिसाव्या शतकातच दुसरी वाट तयार होत होती. 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी एक विषय आणि एक वक्ता. राजकारण, अर्थशास्त्र, इतिहास, समाजसुधारणा, सगळं मराठीत. हे काम फार मोठं होतं. तालुक्यातालुक्याला पुढे ज्या व्याख्यानमाला उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एकीत मी शाळकरी वयात पहिल्यांदा जगाची गोष्ट ऐकली. पण व्याख्यान संपलं की श्रोता उठून आपल्या घरी जायचा. आपल्या वाड्यात, आपल्या आळीत, आपल्या पंगतीला. समतेवरचं व्याख्यान ऐकून तो घरी जाई आणि घरात जेवणाची पद्धत कालचीच असे. ऐकलेलं जगून पाहायला लागणारी रात्र व्याख्यानमालेपाशी नव्हती.

ती रात्र साताऱ्यात मिळाली. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मराठा, दलित, मुसलमान, जैन, सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छपराखाली राहायची, एकाच स्वयंपाकघरातलं जेवायची. मुलं आळीपाळीने स्वयंपाक करत, पाणी भरत, काम करून शिकत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांच्या धान्यासाठी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा विकलं. त्या सनातनी जैन घरातून आल्या होत्या. सोवळ्यात वाढलेल्या बाईने सगळ्या जातींच्या मुलांना आपल्या हाताने वाढायचं, हा केवढा प्रवास आहे! भाऊरावांच्या कामाची सगळे आठवण काढतात. मला मात्र ते वसतिगृह आठवलं की आधी लक्ष्मीबाईंचं स्वयंपाकघर दिसतं. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. ज्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींसाठी वसतिगृहं उघडली, त्यांचं नाव सगळ्या जातींच्या एकाच वसतिगृहाला लागलं.

वसतिगृह वर्षानुवर्षांचं असतं. तेच चार-आठ दिवसांत बसवता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांनी 1923 मध्ये काँग्रेसच्या काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्तानी सेवा दल उभं केलं. स्वयंसेवकांना कवायत, शिस्त, सेवा शिकवायची छावणी ही पद्धत तिथून रुजली. महाराष्ट्रात तिला खरा आकार आला तो 4 जून 1941 ला पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाल्यावर. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. साने गुरुजी, नानासाहेब गोरे अशी माणसं शाखांवर, शिबिरांत जाऊन मुलांत मिसळू लागली. मुलगे आणि मुली एकाच शिबिरात हीसुद्धा त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती.

सेवा दलाच्या शिबिराचा दिवस ज्यांनी अनुभवलाय त्यांना तो क्रम झोपेतही सांगता येईल. पहाटे उठणं, प्रार्थना, सफाई, व्यायाम, न्याहारी, श्रमदान, बौद्धिक, जेवण, थोडी विश्रांती, गटचर्चा, मैदानावरचे खेळ, रात्री गाणी आणि नाटुकली. या रात्रीच्या कार्यक्रमांतूनच कलापथक मोठं झालं. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी ते उभं केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याच्यासाठी 'पुढारी पाहिजे' हे वगनाट्य लिहिलं, निळू फुले आणि राम नगरकर तिथेच घडले. महाराष्ट्राला एवढे नट मिळाले याचं कौतुक होतंच, पण शिबिराच्या दृष्टीने त्या कार्यक्रमाचं काम वेगळं होतं. दिवसभर जो मुलगा गटचर्चेत तोंड उघडत नसे, तो रात्री पोलिसपाटलाची नक्कल करायचा आणि दुसऱ्या दिवशी गटात त्याला लोक नावाने हाक मारायचे. एकदा माणूस हसवून गेला की त्याचं म्हणणं ऐकायला लोक तयार असतात. गटचर्चा आदल्या रात्री सुरू होते ती अशी.

माझं पहिलं शिबिर मी नववीत असताना झालं. दिवाळीची सुट्टी, शेजारच्या तालुक्यातली एक शाळा. "रात्रीचं काय?" एवढंच घरच्यांनी विचारलं. आमच्या बाई मुक्कामाला असणार म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. आमच्या घरी तेव्हा पाण्याचा तांब्या सगळ्यांना एक नव्हता. माणसाप्रमाणे तो बदलायचा आणि त्याचं कारण आम्ही मुलं विचारत नव्हतो. शिबिरात गट पाडायला सगळ्यांना एका ओळीत उभं करून एक, दोन, तीन, चार असे क्रमांक म्हणायला लावले. सगळे एक एका गटात, सगळे दोन दुसऱ्या गटात. एकत्र आलेल्या मैत्रिणी शेजारी शेजारी उभ्या राहतात, त्यामुळे या युक्तीने त्या आपोआप वेगळ्या होतात. कुणाला वाईट वाटत नाही, कारण कुणी कुणाला निवडलेलं नसतं. माझ्या गटात मातंगवस्तीवरची एक मुलगी होती. वाढपाचं काम आमच्या गटाकडे आलं तेव्हा आम्ही दोघींनी मिळून आमटीची बादली धरली. रात्री एकाच सतरंजीवर झोपलो.

त्या दिवशी दुपारी समतेवर बौद्धिक झालं होतं. बोलणारे चांगले बोलले, आम्ही लिहून घेतलं, प्रश्न कुणीच विचारला नाही. रात्री दिवे गेल्यावर ती मुलगी आपणहून बोलू लागली. तिच्या गावात विहिरीवर पाणी कसं घ्यावं लागतं ते तिने सांगितलं. दुरून, कुणी वाढायला येईपर्यंत थांबून. मी तिला विचारत राहिले, ती सांगत राहिली. घरातल्या तांब्यांचा अर्थ मला त्या रात्री लागला. दुपारच्या बौद्धिकाने तिला बोलायचा धीर दिला असेल, मला ऐकायची तयारी दिली असेल, तो उपकार मी नाकारत नाही. पण जे घडलं ते सतरंजीवर घडलं. आणि कुणीतरी विचार करून आम्हाला शेजारी झोपवलं होतं म्हणून घडलं. गटाने झोपायचं हा नियम ज्यांनी केला, त्यांना काय साधायचं होतं ते मला पुढे स्वतः शिबिरं घेऊ लागल्यावर कळलं.

सेवा दलाची ही बांधणी किती खोल होती ते 1947 मध्ये दिसलं. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण करायचं ठरवलं. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले. गावोगाव सभा झाल्या, मंदिरं आणि विहिरी खुल्या झाल्या. सेवा दलाचे कार्यकर्ते त्यांच्या बरोबर आणि त्यांच्या पुढेही होते. गावात आधी जायचं, मुक्काम करायचा, वस्तीत जेवायचं, माणसं बोलती करायची, मग सभा. 1 मे ते 10 मे असे दहा दिवस उपोषण चाललं आणि मंदिर खुलं झालं. गुरुजी 1950 च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या त्या दौऱ्याकडे मी नेहमी एका मोठ्या, चालत्या शिबिरासारखं पाहत आले आहे.

योगायोग असा की त्याच सुमाराला अमेरिकेत असाच एक धडा मिळत होता. 1946 च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावी कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने शिक्षक, समाजसेवक, कामगार कार्यकर्ते यांची कार्यशाळा घेतली. वंशावंशांतले संबंध सुधारायला या माणसांना तयार करायचं होतं. दिवसा गटचर्चा होत. रात्री लेविन, रोनाल्ड लिपिट, लेलंड ब्रॅडफर्ड, केनेथ बेन आणि निरीक्षक बसून दिवसभरात गटांत काय घडलं याची टिपणं मांडत. एके रात्री काही शिबिरार्थी आले आणि आम्हीही बसू का म्हणाले. इतरांना संकोच वाटला, लेविननी हो म्हटलं. निरीक्षकाने त्यांतल्याच एका बाईच्या वागण्याबद्दल काही नोंदवलं. ती मध्येच म्हणाली, असं झालंच नाही, आणि तिने आपली बाजू सांगितली. वादावादी झाली आणि लेविनना त्यात रस वाटू लागला. पुढच्या रात्री बाकीचेही येऊन बसले. माणूस स्वतःच्या वागण्याबद्दलची चर्चा समोर बसून ऐकतो तेव्हा त्याचं शिकणं सगळ्यात जास्त होतं, हे त्या बैठकांतून ध्यानात आलं. 1947 च्या फेब्रुवारीत लेविन वारले, पण त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेलला त्या पद्धतीची शिबिरं सुरू झाली. आज कंपन्यांतून गटप्रशिक्षण म्हणून जे चालतं, त्याचं बरंचसं मूळ तिथे आहे. वेळापत्रकात नसलेल्या एका रात्रीच्या बैठकीतून ते सगळं निघालं, हे मी तरुण संयोजकांना आवर्जून सांगते.

आपल्याकडे मुक्कामाला घामाची जोड दिली ती बाबा आमट्यांनी. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला 1967 मध्ये श्रमिक विद्यापीठाची कल्पना घेऊन त्यांनी तरुणांची छावणी भरवली. ती मे महिन्यातली श्रमसंस्कार छावणी पुढे वर्षानुवर्षं भरत राहिली. विदर्भातला मे म्हणजे काय ते तिकडे राहिलेल्यालाच ठाऊक. म्हणून पहाटेच काम सुरू. बांध घालायचे, माती उचलायची, चर खणायचे. ऊन तापलं की सावलीत बसून चर्चा, संध्याकाळी गाणी. या छावणीत आणखी एक गोष्ट होती, जी कुठल्याही भाषणाने साधली नसती. सोमनाथ ही कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी उभी केलेली वसाहत. शहरातली कॉलेजची मुलं त्यांच्या शेतातलं धान्य खात, बोटं झडलेल्या हातांशेजारी आपलं घमेलं उचलत. पहिल्या दिवशी ताट पुढे करताना थरथरणारा हात चौथ्या दिवशी दुसऱ्यांदा भाजी मागतो. तिथून परतलेल्या कितीतरी जणांनी पुढे आयुष्यभर सामाजिक काम केलं.

त्याच काळात शहाद्याला आदिवासींची चळवळ उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते यांनी जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालवला. बायकांची शिबिरं झाली तेव्हा बायकांनी आपला विषय पुढे आणला: दारू आणि नवऱ्याचा मार. कार्यक्रमपत्रिकेत लिहून आणलेल्या विषयांपेक्षा तो त्यांना जवळचा होता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. शिबिर घेणाऱ्याने आपला विषय बाजूला ठेवायची तयारी ठेवली पाहिजे, याचा इतका चांगला दाखला मला दुसरा माहीत नाही.

आता जामखेड. माझ्याच जिल्ह्यातलं, म्हणून मी त्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं त्यांनी काम केलं, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडला बसले. त्या भागात तेव्हा हजार जन्मांमागे 176 मुलं पहिल्या वर्षात दगावत होती. गावोगाव शिकलेल्या नर्सबाई नेमायचा प्रयत्न त्यांनी आधी केला. शहरात वाढलेल्या मुली खेड्यात रुळल्या नाहीत, गावाने त्यांचं ऐकलं नाही. मग त्यांनी गावालाच त्यांच्यातली एक बाई निवडायला सांगितली. आल्या त्या बहुतेक निरक्षर, गरीब, कित्येक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. अशा बायकांना आरोग्य शिकवायचं.

कसं शिकवायचं, हा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने सोडवला गेला. दर आठवड्याला त्या बायका जामखेडला येत आणि मुक्काम करत. अनेकींना एसटीत एकटं बसायची सवय नव्हती. सुरुवातीला वरच्या जातीतल्या बाया वेगळ्या बसत, एकत्र जेवायला कां-कूं करत. आरोळ्यांनी त्यावर भाषण दिलं नाही. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एका खोलीत झोप, आणि आठवड्यामागून आठवडे तेच. अंतर आपोआप गळून पडलं. आणि दिवसाची सुरुवात धड्याने होत नसे. गावात या आठवड्यात काय झालं, तिथून सुरुवात. कुणाच्या पोराला जुलाब लागले, कुणाची बाळंतीण गेली, गोवराच्या तापाला देवी आली म्हणून अंगणात काय केलं. एक सांगे, बाकीच्या आपापल्या गावचं सांगत. त्यात त्यांना येणारं पुष्कळ असे. बाळंतपणं त्यांनी पाहिली होती, केली होती. जे ठाऊक आहे ते आधी पुढे यायचं, आणि जे नाही ते मग सूक्ष्मदर्शकाखाली, चित्रांतून, प्रत्यक्ष दवाखान्यात दाखवायचं. लिहिता येत नव्हतं, म्हणून पाठांतर गाण्यांतून. साखर-मिठाचं पाणी, नाळ कापायच्या पात्याची स्वच्छता, गरोदरपणातला आहार, सगळं गाण्यात. रात्री झोपेपर्यंत त्याच गोष्टी एकमेकींत बोलल्या जात आणि बाई गावी परतली की तेच गाणं ओट्यावर बसून म्हणे.

पुरुषांना एकत्र आणायला आरोळ्यांनी व्हॉलीबॉल निवडला. संध्याकाळी मैदानावर जाळी बांधायची, कुणीही खेळायचं. वस्तीतली पोरं आणि पाटलाची पोरं एका जाळीच्या दोन्ही बाजूंना. खेळ संपल्यावर दमून तिथेच बसून बोलायचं, त्यातून शेतकरी मंडळं झाली. सभा म्हणून बोलावलं असतं तर पाटील खुर्चीवर आणि बाकी खाली असं झालं असतं. व्हॉलीबॉलला खुर्ची लागत नाही.

1993 पर्यंत जामखेडच्या गावांतला तो 176 चा आकडा वीसच्या आसपास आला होता. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि 1988 मध्ये मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या ग्राम-आरोग्य कार्यकर्तीने वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जगभरच्या डॉक्टरांपुढे भाषण केलं. मुक्ताबाईंचं मला फार महत्त्व वाटतं, पण भाषणापेक्षाही त्यांच्या पुढच्या कामासाठी. देशोदेशींचे डॉक्टर आणि अधिकारी जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला त्याच बायका बसल्या. एकेकाळी एसटीत बसायला बिचकणाऱ्या.

हे सगळं माझ्या वहीत कसं उतरलं ते थोडक्यात सांगते. गट आठ ते दहाचा, त्याहून मोठा झाला की दोनच माणसं बोलतात. बाकं हॉलबाहेर, सतरंजी गोल. जो सारखा बोलतो त्याला गटलेखक करायचं. लिहिताना त्याचं बोलणं आपोआप कमी होतं आणि मानही राहतो. 'समजलं का?' असं कधी विचारायचं नाही, कारण उत्तर 'हो' असंच येतं. 'तुमच्याकडे काय होतं?' असं विचारायचं. जेवणानंतरच्या तासाला वक्ता द्यायचा नाही, हाताचं काम द्यायचं. तक्ते कापणं, धान्य निवडणं, मुखवटे करणं. सकाळच्या न्याहारीला पन्नास माणसांमागे चार किलो पोहे आणि ते भिजवायचं काम संयोजकांनी स्वतः करायचं. पाहुणे नेते येणारच असतील तर शेवटच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या उशिराने कुणाचं सत्र बुडत नाही. आणि शिबिरार्थी झोपल्यावर संयोजकांची बैठक: आज कोण गप्प होतं, कोण एकटं जेवलं, उद्या त्याच्याशेजारी कुणाला बसवायचं. ही बैठक टाळली तर दुसरा दिवस पहिल्याचीच नक्कल होतो.

गेल्या काही वर्षांत मात्र मला बोलावणं येतं ते एका दिवसाच्या कार्यशाळेचं. दहा ते पाच. तालुक्याच्या ठिकाणी वातानुकूलित हॉल, पडद्यावर चित्रफिती, नाव लिहिलेली पिशवी, दुपारी बुफे. लोक येतात, टाळ्या वाजवतात, पाचची गाडी धरतात. त्या दिवसात काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. माहिती पोचते, ओळखी होतात. पण बायका खुर्चीवरून बोलत नाहीत. त्यांनी बोलावं अशी वेळ संध्याकाळी सातनंतर येते आणि तेव्हा त्या घरी भाकरी थापत असतात. त्यांना घरून एका रात्रीची सुटका मिळवून देणं, हेच खरं तर शिबिराचं पहिलं काम आहे. त्यासाठी मी आधी प्रत्येकीच्या सासूला भेटते, नवऱ्याला भेटते. तेवढ्या भेटी झाल्या की अर्धं शिबिर झालेलं असतं.

अंदाजपत्रक मागवतात त्या कार्यालयांशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. वक्त्याचं मानधन, हॉलचं भाडं, फ्लेक्स, स्मृतिचिन्ह यांच्यासाठी रकाने छापलेले असतात. मी खाली हाताने आणखी लिहिते: गाद्या-सतरंज्यांचं भाडं, रात्रीचा चहा, अंगावर पिणाऱ्या मुलांना सांभाळायला दोन बाया, रात्री बारापर्यंत जागायला चौकीदार. बहुतेकदा लाल शाईने ते खोडून परत येतं. मी फ्लेक्स आणि स्मृतिचिन्हांच्या ओळी खोडते, ते पैसे खाली घेते आणि एकूण बेरीज तीच ठेवून पुन्हा पाठवते. एका जिल्ह्यात यंदा ते मंजूर झालं आहे. दोन रात्री, साठ बाया, नदीकाठची आश्रमशाळा. गटांसाठी क्रमांक म्हणायला लावणार आहे आणि पहिल्या रात्री व्याख्यान ठेवलेलं नाही.